ज्या दिवशी मी हेर ठरलो

युद्ध सुरू झाल्याची बातमी मला सोलापूर स्टेशनवर कळली. सकाळी गाडीतून उतरलो तर चहाच्या टपरीवर रेडिओभोवती पंधरावीस माणसं मान खाली घालून उभी होती आणि कुणीच चहा पीत नव्हतं. मला न्यायला आलेला मित्र म्हणाला, "काल संध्याकाळी विमानं येऊन गेली वरती, पंजाबात. लागली म्हणायची लढाई." वरती म्हणजे किती लांब, ते मला कळलं नाही. मी विचारलं, "पण किल्ला उघडा असेल ना?" तो हसला. मला तेव्हा त्या प्रश्नात काही चूक वाटली नाही. मी एकवीस वर्षांचा होतो.

मी मॉरिशसचा. माझे खापरपणजोबा रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यात राबायला गेले ते परत आले नाहीत. आमच्या घरात मराठी उरली ती देवापुढे आणि म्हाताऱ्यांच्या तोंडी. बाकी सगळं क्रिओलमध्ये. शाळेत फ्रेंच आणि इंग्रजी. शिष्यवृत्ती मिळाली म्हणून पुण्याला मराठी शिकायला आलो, त्याला दीड वर्ष झालं होतं. माझी मराठी पुस्तकातली होती. हॉटेलात मी "कृपया मला पाणी द्यावे" म्हणायचो आणि पोरं हसून लोळायची. तरीही मनात मी पक्कं धरलं होतं की मी परदेशात नाही, परत आलोय. वसतिगृहात माझ्या खोलीत राहणारा हा मित्र सोलापूरचा. चार दिवस घरी चल म्हणाला, म्हणून निघालो.

त्याचे वडील शाळेत चित्रकला शिकवत. आम्ही घरी पोचलो तेव्हा ते खिडक्यांच्या काचांना काळा कागद चिकटवत होते आणि आई पिठाची खळ शिजवत होती. गावात दवंडी झाली होती की रात्री दिव्याची तिरीपसुद्धा बाहेर दिसता कामा नये. मित्राला वडिलांनी शिडीवर चढवलं. आई मला म्हणाली, "आज कुटं फिरता, बसा की घरी. उद्या जावा दोघं मिळून."

मी म्हणालो, "मी एकटाच फिरून येतो. मला चालायला आवडतं."

कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही खाऊन मी निघालो. खांद्याला कॅमेरा होता. माझा मामा बंदरावर काम करायचा, त्यानं एका खलाशाकडून घेतलेला. पूर्ण लोखंडी, वीटभर वजनाचा. खिशात वही होती.

किल्ला भुईकोट, एका अंगाला तळं, खंदक कोरडा. बाहेरच्या तटात जुन्या देवळांचे कोरीव दगड मोडून बसवलेले होते. एका नर्तकीचं डोकं खाली आणि पाय वर. दुसऱ्या ठिकाणी नुसता हात, मनगटापाशी तुटलेला, पण बांगड्या शाबूत. मी ते सगळं वहीत काढून घेतलं. मग तटाची लांबी पावलांनी मोजली, बुरूज मोजले, आत येणारा रस्ता कुठे वळतो ते बाणांनी दाखवलं. टिपणं फ्रेंचमध्ये केली, कारण हात त्यातच भराभर चालायचा. बुरुजावर चढून तळ्यातल्या देवळाचा फोटो घेतला. त्याच्या मागे गिरणीची उंच चिमणी धूर सोडत होती, ती मुद्दाम चौकटीत घेतली. आजोळी साखरेच्या कारखान्याची अशीच चिमणी होती, आईला पाठवावा म्हटलं.

खाली उतरलो तर दारात एकजण सायकलला टेकून उभा होता. तिशीचा, खाकी हाफ शर्ट, हाताला काळं वंगण. त्यानं विचारलं, "काय मोजतोयस रं?"

मी हात जोडले. "नमस्कार. मी इतिहासाचा अभ्यास करीत आहे. आपण कसे आहात?"

तो माझ्या वहीकडे बघत राहिला. मी पुढे चालू लागलो.

मित्राच्या वडिलांनी एका वाचनालयाच्या माडीवरचं संग्रहालय बघायला सांगितलं होतं. दोन खोल्या होत्या. तिथला कारकून एकटाच होता आणि त्यालाही रेडिओशिवाय कशात रस नव्हता, पण मी आल्यावर तो उठला. तलवारी, खंजीर, एक ढाल जिच्यात आरपार भोक. मग त्यानं मला एका दगडापुढे नेलं. वीरगळ. तिन्ही कप्पे त्यानं काठीनं दाखवले. "हा खाली मरतोय. मधी अप्सरा न्यायला आल्यात. वर गेला, देवाजवळ बसला." खालच्या कप्प्यात त्या वीराच्या घोड्याखाली दोन माणसं चिरडली होती. एकाचं तोंड उघडं होतं. मी विचारलं, "या दोघांचे काय झाले?"

कारकून म्हणाला, "त्यांच्या गावात असंल की त्यांचा दगड."

तिथून चालत मी चार हुतात्म्यांच्या स्मारकाशी गेलो. स्वातंत्र्याच्या आधी फाशी गेलेली सोलापूरची माणसं. आमच्या बंदरावर पुतळे आहेत ते गव्हर्नरांचे, एकाच्या हातात कागदाची गुंडाळी, दुसऱ्याच्या हातात टोपी. फाशी गेलेल्यांचं स्मारक मी पहिल्यांदाच पाहत होतो. कुणीतरी ताजा झेंडूचा हार घालून गेलं होतं. चौकात माणसं घोळक्यानं उभी होती. टांगेवाले, दुकानदार, कॉलेजची पोरं. एक पोरगा ओरडून सांगत होता की गिरणीत पलटणीचं कापड निघतं, म्हणून पहिला बाँब गिरणीवरच पडणार. मीही थोडा वेळ ऐकत उभा राहिलो. आता आठवतं, त्या घोळक्यात मला भीती अशी वाटलीच नाही. उलट आपण यांच्यातले आहोत असं वाटून ऊर भरून आला होता.

तिसऱ्या प्रहरी मी पूर्व भागात शिरलो. हा विणकरांचा भाग. घराघरातून मागांचा खटखटाट आणि बोलणं बहुतेक तेलुगू. एका गल्लीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुताचा ताणा पसरलेला होता. हजारो धागे, जमिनीपासून कमरेएवढे उंच, बांबूंच्या घोड्यांवर ताणलेले, नुकतीच खळ लावलेले. उन्हात ते ओले धागे असे चमकत होते की मी थांबलोच. कॅमेरा डोळ्याला लावला.

"हाच! सकाळी किल्ल्यात हाच हुता!"

वळून पाहिलं तर तोच सायकलवाला. त्याच्यामागे सातआठ जण. सायकल त्यानं भिंतीला टाकली आणि माझ्या खिशातली वही ओढून घेतली. कॉलेजात जाणाऱ्यासारखा दिसणारा एक मुलगा पुढे आला, वही उलटीसुलटी करून पाहिली. "अक्षरं इंग्रजी हायत, पण इंग्रजी न्हाय ही. काहीच लागत न्हाय." मग त्याचं बोट किल्ल्याच्या नकाशावर आलं. बाण, आकडे. त्याचा आवाज बदलला. "सांकेतिक भाषा हाय ही."

"फ्रेंच आहे," मी म्हणालो. "मी मॉरिशसचा विद्यार्थी आहे. कृपया ऐकावे..."

"कुटला?"

"मॉरिशस."

"कुटं आलं ते?"

"समुद्रात," मी म्हणालो. खरोखर तेच उत्तर माझ्या तोंडून निघालं.

पहिली थोबाडीत कुणी मारली ते मला दिसलं नाही. कानात घणघण झालं आणि मी सरळ उभा राहायच्या प्रयत्नात हसलो. त्या हसण्यानं फार वाईट झालं. "हसतोय बघ भडवा!" म्हणत सायकलवाल्यानं पोटात गुद्दा घातला. मी वाकलो, तशी पाठीवर कोपरं पडायला लागली. आठाचे वीस कधी झाले, विसाचे पन्नास कधी झाले कळलं नाही. मागांचा खटखटाट एकेका घरातून बंद होत गेला, ते मात्र मला स्पष्ट ऐकू आलं. माणसं माग सोडून बाहेर येत होती आणि आल्याबरोबर काय झालं हे न विचारता मारत होती. एकानं पायातली वहाण काढली होती. एकानं माझी डावी करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट धरून मागे वाकवलं, सावकाश, माझ्या तोंडाकडे बघत. दोन्ही बोटं मोडल्याचा आवाज वाळक्या काडीसारखा होता.

आणि माझी मराठी गेली. दीड वर्षात शिकलेलं सगळं, लहानपणी देवापुढे पाठ केलेलं सगळं, एक अक्षर उरलं नाही. मी क्रिओलमध्ये ओरडत होतो, "पा बात म्वा! पा बात म्वा!" मारू नका, एवढाच त्याचा अर्थ. पण ती कुठलीच ओळखीची भाषा नव्हती, आणि ज्यांना अजून शंका होती त्यांचीही फिटली.

कुणीतरी म्हणालं, "पँट काढा त्याची, लगेच कळतंय." दोन हात माझ्या पट्ट्यावर आले. ते काय बघणार होते हे मला मित्रानं नंतर सांगितलं. त्या क्षणी मला एवढंच कळलं की हे मला नागडं करून मारणार. आतून काहीतरी उसळलं. कॅमेऱ्याचा पट्टा अजून उजव्या हाताला गुंडाळलेला होता. मी तो गोफणीसारखा फिरवला. पहिला फेरा हवेत गेला. दुसऱ्या फेऱ्यात, एक हात मागून माझ्या कॉलरला येऊन मला ओढत होता, त्या हाताच्या दिशेनं मी सगळा जीव लावून मारलं.

लागलं ते हातातच कळलं. मऊ आणि मग कठीण. धोतर नेसलेला, डोक्याला पटका बांधलेला एक म्हातारा होता. तो ओरडला नाही. त्यानं एका हातानं डावा डोळा दाबला, बोटांच्या फटीतून रक्त आलं आणि मनगटावरून ओघळून कोपरावरून टपकायला लागलं. त्याचा दुसरा हात अजून माझ्या कॉलरलाच होता. मी पुन्हा मारलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पहिल्यांदा कोण आहे ते मला माहीत नव्हतं. दुसऱ्यांदा मी त्याचं तोंड बघितलं होतं. त्या दुपारी त्या एका क्षणात मला बरं वाटलं होतं.

मग ते सगळे मिळून माझ्यावर आले आणि मी त्यांच्या वजनासकट मागे ताण्यात पडलो. बांबूचे घोडे मोडले. ओले धागे माझ्या तोंडाला, गळ्याला गुंडाळले आणि शेकड्यानं तुटले. छातीवर कुणाचा तरी गुडघा होता. आता संपलं असं वाटलं.

तेवढ्यात एक बाई किंचाळली. तेलुगूत, मग मराठीत, मग पुन्हा तेलुगूत. थोराड, पदर खोचलेली, हातात घोड्याचा मोडका बांबू. ती माझ्यासाठी आली नव्हती. ताणा तिचा होता. "आठ दिवसाचं काम हाय माझं! कोन भरनार? तू? तू?" असं विचारत तिनं समोर येईल त्याला बांबू हाणला. सायकलवाल्याला पाठीत, कॉलेजच्या पोराला नडगीवर, माझ्याही मांडीवर एक. माणसं मागे सरली. मघाशी पन्नास जण असलेली गर्दी एकाएकी वेगवेगळ्या माणसांची झाली. कुणी धागे उचलायला वाकला, कुणी चपला शोधायला लागला. "मारायचं तर चौकीवर न्या," ती म्हणाली. "माज्या दारात न्हाई." त्यांनी मला उचलून चौकीवर नेलं.

चौकीतही पहिल्यांदा दोन बसल्या. हवालदारानं वही पाहिली, कॅमेरा उघडून रोल उजेडात ओढून काढला. मी लिहून मित्राच्या वडिलांचा पत्ता दिला. बोलता येत नव्हतं, ओठ फाटला होता. तासाभरात ते आले, काळ्या कागदाची खळ अजून बोटांना तशीच. त्यांनी फौजदारांना माझं कॉलेज सांगितलं, गाव सांगितलं आणि मग माझं आडनाव सांगितलं. आमच्या आडनावाची माणसं रत्नागिरीत आजही आहेत. ते ऐकल्यावर फौजदारांचा चेहरा बदलला. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी मागवलं. म्हणाले, "आधी सांगायचं नाही का!"

माझं आडनाव दुसरं काही असतं तर? त्या खुर्चीवर बसून पाणी पिताना मी हा विचार केला नाही. तो पुढे आला आणि मग कधी गेला नाही.

फौजदारांनी विचारलं, "त्या म्हाताऱ्याला काय झालं? दवाखान्यात नेलाय. डोळा गेला म्हणतात."

मी बोलायच्या आत मित्राचे वडील म्हणाले, "गर्दीत पडला असणार. ढकलाढकलीत." आणि हलक्या आवाजात मला म्हणाले, "तू परदेशी आहेस. लढाईचे दिवस आहेत. गुन्हा लागला तर तुझं शिक्षणच संपेल."

फौजदारांनी तसंच लिहून घेतलं. मी खाली सही केली. उजवा हात शाबूत होता.

दुसऱ्या दिवशी बोटांना प्लास्टर घालून घेतल्यावर मी त्याच सरकारी दवाखान्यात तो म्हातारा कुठे आहे ते विचारत गेलो. डोकं आणि अर्धं तोंड पट्टीत. तो गिरणीतून निवृत्त झालेला कामगार होता, मूळचा अक्कलकोटच्या पलीकडचा, बोलताना मधूनच कानडी यायचं. एका डोळ्यानं त्यानं मला पाहिलं आणि ओळखलं.

"क्यामेरा लई जड हाय रं तुजा," तो म्हणाला.

मी त्याच्या पायाशी बसलो. विचारलं, "तुम्ही मला सोडवायला आला होता का?"

"सोडवायला कशाचं? हेर हाईस असं मलाबी वाटलं हुतं की." त्यानं डोळ्यावरची पट्टी चाचपली. "पर मारून टाकलं तर इचारायचं कुणाला? म्हनून वडत हुतो."

मला रडू आलं. तो म्हणाला, "रडू नगं. पानी दे."

चार दिवसांसाठी गेलेला मी सोलापुरात अकरा दिवस राहिलो. रोज मित्राच्या आईनं दिलेला डबा घेऊन दवाखान्यात जायचो. म्हातारा मला आमच्या बेटाबद्दल विचारायचा. तिथं पाऊस पडतो का, तिथल्या गिरण्यांना कुलपं लागतात का, उसाला पाणी कुठून देतात. त्याची शेती गावाकडच्या कुणा भावानं करायला घेतली होती आणि दोन वर्षं काही पिकलं नव्हतं. रेडिओवर लढाईच्या बातम्या लागल्या की वॉर्डातले सगळे गप्प व्हायचे आणि कुणीतरी माझ्याकडे बघायचं. सायकलवालाही एकदा आला. दारातच उभा राहिला, केळी ठेवली, माझ्याकडे न बघता गेला. ती केळी माझ्यासाठी होती की म्हाताऱ्यासाठी ते आम्हाला ठरवता आलं नाही. म्हाताऱ्यानं दोन खाल्ली.

त्याची सून रोज यायची. पंचविशीची, गिरणीत कामाला.  मी आलो की ती उठून खिडकीशी उभी राहायची. पाचव्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि डोळा गेला हे नक्की झालं, तेव्हाही ती तिथंच उभी होती.

अकराव्या दिवशी म्हातारा झोपला होता. ती माझ्याजवळ आली, खाटेच्या दांडीला अडकवलेला कागद काढून माझ्यापुढे धरला. "मला वाचाय येत न्हाय. हितं काय लिवलंय?"

मी वाचलं. कागद इंग्रजीत होता. मी मराठीत सांगितलं, "वय, नाव... डावा डोळा... कारण, पडून मार."

"पडून?"

"असं लिहिलं आहे."

"तुमी सांगा."

मी म्हणालो, "मी मारलं. दोनदा."

ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली, वाचता येत असल्यासारखी. मग तो परत अडकवला. "आमाला म्हाईत हाय. त्यांनी पयल्याच दिशी सांगितलं. तुमच्या तोंडनं ऐकायचं हुतं." आवाज चढलेला नव्हता. "आता उद्यापास्नं येऊ नगा. डबा आनता ते बरं हाय. पर तुमी आलासा की ते बोलत बसत्यात, हासत्यात, आन् तुमी गेल्यावर रातभर डोळा ठनकतोय म्हनून रडत्यात. तुमच्याम्होरं रडत न्हाईत. मला ते सोसत न्हाय."

मी डबा खाटेखाली ठेवला. म्हातारा तोंड किंचित उघडं ठेवून झोपला होता. त्याला उठवावं का, असं मी तिला विचारलं. तिनं नको म्हणून मान हलवली. मी जिना उतरून बाहेर आलो. आवारात ऊन होतं, लोक केसपेपरच्या रांगेत उभे होते, आणि रांगेतल्या एका बाईनं मला थोडं सरकून वाट दिली.